रोइंग आणि कंबरदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकत असताना चार वर्षं नाव वल्हवली, आता छत्रपती संभाजीनगरात दवाखाना चालवते. गेल्या काही वर्षांत कंबर धरून आत येणाऱ्यांमध्ये रोइंग मशीनवाले (म्हणजे जिममध्ये सरकत्या सीटवर बसून हँडल ओढत वल्हवल्यासारखा व्यायाम करणारे) वाढलेत आणि त्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एका जागी उत्तरांसह लिहिले आहेत. हे वाचून तपासणीची गरज संपत नाही, पण अर्ध्याहून जास्त लोकांना दवाखान्याची पायरी चढावीच लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मराठवाड्यात रोइंग करतं तरी कोण?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात वल्हं मारायला पाणी कुठलं, असं कुणालाही वाटेल. पण करणारे आहेत. मोठा गट जिममधल्या मशीनवरचा आहे. वाळूजच्या कंपन्यांमधले इंजिनिअर, बँकेतले लोक, शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, पोट कमी करायला आलेले पन्नाशीचे काका. पाण्यावर वल्हवणारे थोडे, आणि ते बहुतेक पुण्याच्या कॉलेजात नाहीतर फौजेत शिकलेले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ असाच दुष्काळी भागातून, विहिरी खोदण्याच्या कामातून फौजेत गेला आणि तिथे त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्याने वल्हवायच्या नावेच्या शर्यतीत) उतरला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्सच्या (चौघांच्या नावेच्या) सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात होता. पाणी नसलेल्या गावातून रोइंगपटू निघत नाही, हे त्याने कायमचं खोटं ठरवलं.

पैठणला नाथसागरात जाळी टाकायला जाणारे आपले मासेमार बांधव तर पिढ्यान्‌पिढ्या वल्हवतात. त्यांच्या नावेत बसायची फळी सरकत नाही, पायांचा जोर वेगळा लागतो, म्हणून खालचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही. त्यांच्या पाठीवर स्वतंत्र लिहायला हवं.

रोइंग केलं की कंबर दुखणारच का?

दुखणारच असं नाही. पण रोइंग करणाऱ्यांना सगळ्यात जास्त दुखापत कुठे होते, तर कमरेतच. हौशी असो की ऑलिंपिकचा खेळाडू, यात फरक नाही.

याचं कारण स्ट्रोकमध्येच, म्हणजे हँडल ओढण्याच्या एका फेरीतच, आहे. हँडल पुढे नेऊन तुम्ही गुडघे पोटाशी घेता, तेव्हा धड पुढे झुकलेलं असतं. तिथून पाय जोरात ताणता. पायांची ताकद हँडलपर्यंत पोचायची तर वाटेत कंबर लागते. पाय इंजिन, हात म्हणजे अडकवायचा आकडा, आणि मधली साखळी म्हणजे तुमचा कणा. जोर लावून मारलेल्या एका स्ट्रोकमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या चारपटीहून जास्त दाब क्षणभर येतो. सत्तर किलोचा माणूस धरला तर पावणेतीन क्विंटलच्या पुढे. ताठ कणा हा भार पेलतो, तो त्यासाठीच आहे. कमान करून वाकलेल्या कमरेवर तोच भार आला की गादीच्या, म्हणजे डिस्कच्या, मागच्या कडेवर आणि मागच्या पट्ट्यांवर ताण पडतो.

आता मोजा. मिनिटाला वीस स्ट्रोक धरले तरी अर्ध्या तासात सहाशे वेळा वाकणं झालं. एका वेळच्या वाकण्याने काहीही बिघडत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, पहिल्या ओळीला तिची पाठ दुखत नाही.

माझी पहिली वीस मिनिटं छान जातात, मग कमरेत रग लागते. असं का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताजेतवाने असताना तुम्ही खुब्यातून वाकता. मांडीच्या मागचे आणि पार्श्वभागाचे स्नायू काम करत असतात, पाठीचे स्नायू कणा धरून ठेवतात. वीस-पंचवीस मिनिटांनी हे स्नायू दमतात. हँडलला तर तेवढंच पुढे जायचं असतं, मशीनच्या स्क्रीनवरचा आकडाही तोच हवा असतो. मग शरीर ती लांबी कुठून तरी काढतं, आणि ती कमरेतून निघते. थकवा वाढत जातो तसं कमरेचं वाकणंही वाढतं, हे मोजून पाहिलेलं आहे. तुम्हाला मात्र ते कळत नाही. तुमच्या मते तुम्ही पहिल्यासारखाच स्ट्रोक मारत असता.

शिवाय, बराच वेळ वाकत राहिलं की मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या हळूहळू सैल होतात, आणि व्यायाम थांबवला की लगेच पूर्ववत होत नाहीत. मशीनवरून उतरून तुम्ही लगेच वाकून बुटांच्या नाड्या सोडता किंवा वीस किलोची प्लेट उचलून ठेवता, आणि तिथे उसण भरते. मग दवाखान्यात येऊन सांगता, "मॅडम, रोइंगने काही झालं नाही, नाडी सोडताना झालं." नाडीचा बिचारीचा काही दोष नसतो.

एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मशीनवर बसणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: बैठक तोडा. चाळीस मिनिटं करायची आहेत ना, मग दहा-दहाच्या चार करा. मध्ये दोन मिनिटं उठा, चाला, हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुका, पाणी प्या. दम वाढायला चाळीस मिनिटं मोजली जातातच, पण कमरेला मध्ये तीन वेळा उसंत मिळते. आणि उतरल्यावर पाच-दहा मिनिटं वजन उचलू नका. नाडी सोडायची तर पाय बाकावर घ्या.

जिमचे सर डॅम्पर दहावर ठेवायला सांगतात. जास्त नंबर म्हणजे जास्त व्यायाम का?

नाही. मशीनच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची कळ असते, तोच डॅम्पर. ती पंख्यात किती हवा जाऊ द्यायची ते ठरवते. दहावर चाक जड आणि आळशी होतं, प्रत्येक स्ट्रोकला जणू थांबलेली बैलगाडी पुन्हा ढकलायची. व्यायाम किती झाला हे तुम्ही किती जोर लावता त्यावर ठरतं, कळीवर नाही. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवा. कंबर दुखून गेलेली असेल तर तीनच. सरांना वाईट वाटेल म्हणून दहावर ठेवू नका, त्यांना हे पान दाखवा.

माझा स्ट्रोक बरोबर आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखू?

फोन बाजूला, सीटच्या उंचीवर ठेवा आणि व्हिडिओ काढा. पण तो पहिल्या मिनिटाचा नको. विसाव्या मिनिटाचा काढा. पहिल्या मिनिटाला सगळेच सुंदर दिसतात.

व्हिडिओत क्रम बघा. मागे जाताना आधी पाय, मग धड, शेवटी हात. पुढे येताना उलटं: आधी हात पुढे, मग धड खुब्यातून पुढे, आणि हात गुडघ्यांच्या पलीकडे गेले की मगच गुडघे मोडायचे. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गुडघे लवकर मोडतात. मग हँडल गुडघ्यांना अडतं, ते वर उचलून न्यावं लागतं आणि ऐन टोकाला पोचून हात आणखी लांब करायला कमरेची कमान होते. दुसरी चूक: पाय ताणायला सुरुवात होते आणि सीट मागे पळते, पण हँडल जागचं हलत नाही. मग सगळा भार उचलायला एकटी कंबर उरते.

पुढे किती यायचं? नडग्या उभ्या होईपर्यंत. त्यापुढे नाही. टाचा थोड्या उचलल्या तरी चालतं. मागे जाताना आडवं पडायचं नाही, घड्याळात अकरा वाजल्यावर तासकाटा जितका कललेला असतो तितकं पुरे.

खुब्यातून वाकणं म्हणजे काय हे शिकायला लाठी किंवा झाडूचा दांडा घ्या. तो पाठीवर असा धरा की डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड असे तिन्ही ठिकाणी टेकेल. आता गुडघे किंचित मोडून वाका. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर तुम्ही खुब्यातून वाकलात. माकडहाडापासून सुटला तर कमरेतून. रोज दहा वेळा, पंधरा दिवस करा.

एक गोष्ट कुणीच बघत नाही, ती म्हणजे पायांच्या पट्ट्यांची उंची. पाय जितके वर, तितकं पुढे येताना कमरेला जास्त वाकावं लागतं. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील, आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बहुतेकांच्या असतात, तर पाय एक-दोन खाचा खाली घ्या. पट्टा बोटांच्या मुळांवर आवळला गेला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या कित्येकांचं दुखणं नुसत्या या बदलाने निम्म्यावर आलं.

पहाटे पाचला उठून साडेपाचला मशीनवर असतो. उन्हामुळे दुसरी वेळ जमत नाही. चालेल ना?

उन्हाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये दुपारी बसू नका. पण पहाटेलाही एक अडचण आहे.

रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एक-दीड सेंटीमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताण घेते. उठल्यानंतरचा पहिला तासभर वाकण्यासाठी सगळ्यात वाईट. म्हणून उठल्यावर आधी चाला. चहा उभ्याने घ्या, अंगणात फेऱ्या मारा, घरापासून जिमपर्यंत गाडी न काढता पायी जा. मशीनवर बसल्यावर पहिली पाच-सात मिनिटं अर्धेच स्ट्रोक मारा, पूर्ण पुढे येऊ नका. आणि उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे पकडण्याचा व्यायाम करत असाल तर तो संध्याकाळी करा.

घाम किती जातो त्याकडेही लक्ष द्या. लघवी गडद पिवळी असेल तर तुम्ही कोरडे पडलेले आहात, त्या दिवशी लांब बैठक नको. साधं लिंबू-मीठ-साखर पाणी पुरतं.

दिवसभराचं काम आणि रोइंग यांचा काही संबंध आहे का?

मोठा आहे. कमरेला रोइंगचा हिशेब वेगळा ठेवता येत नाही. खराब रस्त्यावर तासभर मोटारसायकल, आठ तास खुर्ची, रविवारी गावाकडे जाऊन पाठीवर फवारणीचा पंप, आणि संध्याकाळी मशीनवर पाच हजार मीटर, हे सगळं एकाच खात्यात जमा होतं. गंगापूर तालुक्यातले एक गुरुजी यायचे. त्यांची कंबर दर जून-जुलैत दुखायची. मशीनवर काहीच बदललेलं नसायचं, पेरणीचे दिवस मात्र तेच असायचे. मग आम्ही पेरणीच्या तीन आठवड्यांत मशीन अर्ध्यावर आणलं आणि त्या वर्षी दुखलं नाही.

कंबर धरली आहे. किती दिवस झोपून राहू?

झोपून राहू नका. पहिला दिवस, फार तर दुसरा, जास्त आराम लागेल. पण पडून राहिल्याने बरं व्हायला उशीर लागतो, ही गोष्ट आता पक्की माहीत आहे. दर तासाला उठा, घरातल्या घरात चाला, ज्या स्थितीत बरं वाटतं तिथे थोडा वेळ राहा. पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या तर बहुतेकांना बरं वाटतं. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्या. पहिले काही दिवस मशीन बंद, चालणं चालू. बहुतेकांना सहा आठवड्यांत बराच आराम पडतो, पुष्कळांना त्याच्या आधीच.

कमरेचा पट्टा, हाडवैद्य, दुखण्याची गोळी. यातलं काय करू?

पट्टा प्रवासापुरता बांधा. तो बांधून रोइंग करू नका, कारण त्याने दुखणं झाकलं जातं आणि चूक तशीच राहते.

झटका देऊन मणका बसवणाऱ्यांकडे, विशेषतः पायात मुंग्या किंवा बधिरपणा असताना, जाऊ नका. साध्या कंबरदुखीत मणका सरकून बाहेर आलेला नसतो, त्यामुळे तो बसवायचाही नसतो. झटक्यानंतर क्षणभर मोकळं वाटतं हे खरं आहे, पण दबलेल्या नसेवर झटका महागात पडू शकतो. तेल लावून हलकं चोळून घ्यायला माझी हरकत नाही.

गोळीबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून व्यायामाच्या आधी घेणारी मुलं मी पाहते. उन्हाळ्यात घामाने कोरडं पडलेलं शरीर आणि त्यात ही गोळी, हे मूत्रपिंडाला मारक आहे. बीपी, मधुमेह किंवा अल्सर असेल तर धोका आणखी मोठा. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडे दिवस. गोळी घेऊन मशीनवर बसायचं नाही.

एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघाला. आता रोइंग कायमचं बंद का?

"गॅप आला", "गादी सरकली", "नस दबली" असे शब्द ऐकून माणूस निम्मा खचतो. म्हणून आधी हे ऐका: ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे गादीची कड बाहेर फुगलेली, दिसतो. केस पिकावेत तसं ते आहे. रिपोर्टात बल्ज आहे म्हणून तोच दुखतोय, असं आपोआप ठरत नाही. तुमची लक्षणं, तपासणी आणि रिपोर्ट जुळले तरच त्याला अर्थ.

कळ पार्श्वभागातून मांडीमागे, पोटरीत, पावलापर्यंत जात असेल, खोकल्या-शिंकल्यावर पायात वीज चमकल्यासारखी होत असेल, तर नसेला त्रास होत असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत निवळतं. रोइंग तोपर्यंत बंद ठेवा. कायमचं नाही.

लगेच डॉक्टरकडे कधी जायचं?

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, गाडीच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, दोन्ही पायांत कमजोरी वाटू लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. संभाजीनगरात घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, नांदेड-लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. सकाळपर्यंत थांबू नका. यात तास मोजले जातात.

ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, किंवा आधी कॅन्सर झालेला असणं, यांतलं काही असेल तर त्या आठवड्यात तपासून घ्या. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. संध्याकाळचा बारीक ताप आणि महिनाभर न हटणारी कंबरदुखी, हे व्यायामाचं दुखणं समजून अंगावर काढू नका.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, भरतीसाठी मशीन करतो. मागे वाकलं की दुखतं म्हणतो.

त्याला लवकर दाखवा. मोठ्यांचं दुखणं बहुतेकदा पुढे वाकल्यावर वाढतं. वाढत्या वयाच्या खेळाडूंना मात्र मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणामुळे तडा जाऊ शकतो, आणि तो मागे वाकल्यावर किंवा एका पायावर उभं राहून मागे झुकल्यावर दुखतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही. वेळेत कळलं तर दोन-तीन महिन्यांच्या खेळबंदीने हाड सांधण्याची चांगली शक्यता असते. "अभ्यास टाळायला सांगतोय" असं म्हणू नका. या वयातली पोरं दुखणं सांगतात त्यापेक्षा लपवतात जास्त.

बरगडीत दुखतं. गॅस असेल का?

पन्नाशीत डाव्या छातीत दुखत असेल, घाम येत असेल, दम लागत असेल तर आधी ईसीजी काढा, बाकी सगळं नंतर. ते नसेल आणि दुखणं बाजूच्या किंवा पाठीकडच्या एकाच बरगडीवर बोट ठेवून दाखवता येत असेल, खोल श्वास, खोकला, अंथरुणात कूस बदलणं यांनी वाढत असेल, तर बरगडीला ताणाचा बारीक तडा असू शकतो. रोइंगमध्ये कमरेच्या खालोखाल माणसाला सगळ्यात जास्त दिवस घरी बसवणारी दुखापत हीच. इथेही सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष येतो. चार ते सहा आठवडे वल्हं बंद, चालणं आणि सायकल चालू. अंतर किंवा जोर एकदम वाढवल्यानंतर हे बहुधा दिसतं.

हाताला फोड येतात, मनगटाच्या वर करकर वाजतं.

फोडाची कातडी ओढून काढू नका. स्वच्छ धुवा, झाका, कोरडं ठेवा. हँडल पुसून वापरा, एकाच हँडलवर दिवसाला पन्नास हात लागतात.

मनगटाच्या वर करकर, सूज आणि अंगठ्याच्या बाजूला दुखणं ही शिरांच्या आवरणाची सूज आहे. हँडल मुठीत आवळून धरल्याने होते. बोटांचा आकडा करून हँडल त्यात अडकवा, अंगठा सैल सोडा, मनगट सरळ ठेवा. पाण्यावर गार वाऱ्यात वल्हं फिरवताना हे जास्त होतं. दोन आठवडे विश्रांती लागते.

गुडघा?

टोकाला पोचताना गुडघे फार मोडत असतील किंवा बाहेर फाकत असतील तर वाटीच्या मागे दुखतं. नडगी उभी झाली की थांबा, गुडघे पावलांच्या रेषेत ठेवा. बहुतेकांना तेवढं पुरतं.

कंबर मजबूत करायला कोणते व्यायाम करू?

ताकदीपेक्षा टिकाव वाढवायचा आहे. कमरेने एकदा खूप उचलायचं नसून सहाशे वेळा थोडं थोडं धरून ठेवायचं आहे. मी चार देते. चवड्यांवर आणि कोपरांवर प्लँक, म्हणजे अंग फळीसारखं सरळ धरणं. एका कुशीवर प्लँक, दोन्ही बाजूंनी. दोन हात-दोन गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत समोरचा हात आणि उलटा पाय लांब करणं. पाठीवर निजून पार्श्वभाग उचलणं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. श्वास रोखायचा नाही. आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं.

पाय दाबून धरून धड वर आणायच्या सिट-अप्स कंबर दुखणाऱ्यांनी सोडून द्याव्यात. त्यात पुन्हा वाकणंच आहे आणि वाकणं तुमच्याकडे आधीच भरपूर आहे.

घोट्याची लवचिकताही बघा. भिंतीपासून चार बोटं अंतरावर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर टोकाला पोचताना घोट्याची उणीव कंबर भरून काढते. जमिनीवर मांडी घालून, उकिडवं बसून वाढलेल्यांना हे सोपं जातं. ती सवय सोडू नका.

बरं वाटतंय. परत मशीनवर कधी बसू?

तीन गोष्टी जमल्या की बसा: अर्धा तास वेदनेशिवाय चालता येणं, सकाळी मोजे उभ्याने घालता येणं, आणि दांड्याचा व्यायाम दहा वेळा न दुखता होणं.

पहिला दिवस पाच मिनिटं, डॅम्पर तीन, मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोक, पूर्ण पुढे न येता. दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी उठल्यावर कंबर रोजच्यापेक्षा जास्त आखडलेली असेल तर पुढच्या वेळीही पाचच. नसेल तर पाचाच्या दोन. असं करत तीन-चार आठवड्यांत दहाच्या तीन बैठकांपर्यंत या. वेग सगळ्यात शेवटी वाढवा. एकदा कंबर दुखून गेलेल्याला पुन्हा दुखण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे २००० मीटरचा जुना वेळ परत मिळवायची घाई हीच सगळ्यात धोक्याची.

दुखतंय असं सांगितलं तर सर टीममधून काढतील. सांगू का?

मीही सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी स्पर्धेला तीन आठवडे होते, उजव्या कमरेत कळ यायची आणि मी बाथरूममध्ये जाऊन मलम चोळून नावेत बसायचे. आठ जणींच्या नावेत आपल्यामुळे जागा रिकामी पडेल, ही भीती होती. स्पर्धा झाली. त्यानंतर आठ महिने मला मांडी घालून जेवायला बसता आलं नाही. पहिल्या आठवड्यात बोलले असते तर दहा-बारा दिवसांत निभावलं असतं, असं आज माझ्याच पेशंटांकडे बघून मला वाटतं.

२०२१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये रोइंग करणाऱ्यांच्या कंबरदुखीवर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन छापून आलं. दुखणं लपवावं लागणार नाही असं वातावरण हवं आणि ते लवकर सांगितलं जावं, यावर त्यात मोठा भर आहे. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगणाऱ्या मुलाला घरी पाठवू नका. त्याला त्या दिवशी सायकल द्या, प्लँक द्या, टीमसोबत राहू द्या. बाकीची मुलं तुम्ही त्याच्याशी कसं वागता ते बघत असतात.

आमच्या जिममध्ये मशीन एकच आहे, रांग असते. तुकड्या तुकड्यांनी कसं करणार?

जोडी लावा. एकाने दहा मिनिटं वल्हवायचं, तोवर दुसऱ्याने बाजूला चटईवर कमरेचे व्यायाम करायचे, मग अदलाबदल. तासाभरात दोघांच्या तीन-तीन बैठका होतात आणि मशीन एक मिनिटही रिकामं राहत नाही. मोकळ्या जोडीदाराने चटईवरून समोरच्याच्या पाठीकडे बघत राहायचं आणि कमान झाली की म्हणायचं, "दादा, पाठ." नांदेडच्या दोन बहिणी वर्षभर असंच करतात. धाकटी मला सांगत होती की आता ताईच्या पाठीकडे बघायची तिला इतकी सवय झाली आहे की ताई घरात पीठ मळायला बसली तरी ती म्हणते, "ताई, पाठ."